नानांची दुसरी दौत

नानांची आणि माझी पहिली भेट जळगावला एका शाळेच्या व्हरांड्यात झाली. मी धुळ्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत असे आणि शिक्षकांच्या बैठकीसाठी तिथे गेलो होतो. चहाची सुट्टी झाली. पांढरा फुलशर्ट घातलेले, हातात ग्राफपेपरची गुंडाळी धरलेले एक गृहस्थ सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि नमस्कार वगैरे न करता म्हणाले, "तुम्ही मराठीचे ना? जरा हा 'ळ' बघा. त्याच्या पोटात दुखतंय असं वाटतं का?"

मी पाहिले. बारीक चौकटी काळ्या करून एक भला मोठा ळ काढलेला होता आणि तो खरोखरच अवघडून बसल्यासारखा दिसत होता. मी तसे सांगताच त्यांचा चेहरा खुलला. "भूगोलाचे सर म्हणाले, छान आहे. मला वाटलंच होतं, मराठीच्या माणसाला विचारायला हवं."

हे आपले श्री. दिगंबर बोरोले, म्हणजे सर्वांचे नाना. तेव्हा ते जळगावच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. संगणक आम्ही फक्त वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिलेला. त्या यंत्राला मराठी लिहिता यावे म्हणून नाना एकेक अक्षर चौकटीत बसवत होते. पुढे त्यांनी नोकरी सोडली, घराच्या पुढच्या खोलीत संगणकाचा क्लास काढला आणि मराठी लिहिण्याचा प्रोग्राम पुरा केला. त्याला नाव काय द्यावे, असे त्यांनी मला विचारले. माझ्या डोळ्यांपुढे लहानपणीची शाळा आली. बाकाच्या खाचेत बसवलेली चिनीमातीची दौत, बोटांना लागलेली निळी शाई. मी म्हटले, "दौत म्हणा." त्यांनी तेच नाव ठेवले.

नानांच्या शिकवण्याची एक हकीकत सांगतो. प्रोग्राम म्हणजे काय, असे नवी मुले विचारत. नाना म्हणत, "समोर एक पोरगा आहे असं समजा. अत्यंत आज्ञाधारक, पण डोकं अजिबात नाही. सांगाल तेवढंच करेल. त्याला वांग्याचं भरीत करायला शिकवा." मुले वहीत भरताची कृती लिहीत. एका हिवाळ्यात नानांनी खरोखर अंगणात वांगी, मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात मांडली आणि एका मुलाची कृती जशीच्या तशी करायला घेतली. त्याने लिहिले होते, वांगी धुवा, सोला, ठेचा, फोडणी द्या. भाजा म्हणायचे राहून गेले होते. कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ शेजारी पेटलेला असूनही नानांनी कच्चीच वांगी सोलली, ठेचली, फोडणी दिली आणि सर्वांना वाढली.

"नाना, हे कसं खायचं?" एकजण म्हणाला.

"तुमचाच प्रोग्राम आहे बाबांनो, गोड मानून घ्या."

मग वहिनींनी आतून खरे भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणल्या. त्या दिवशीची मुले आज कुठे कुठे मोठ्या हुद्द्यावर आहेत. भेटली की सांगतात, सर, आम्ही अजून आधी 'भाजा' लिहिलंय का ते बघतो.

नानांचा सर्वांत पक्का आग्रह मात्र निराळ्याच गोष्टीचा होता, आणि तो आपल्याकडे कोणाला फारसा कळला नाही. एकदा मी क्लासमध्ये बसलो असताना बोदवडहून येणारा एक विद्यार्थी खेळांची फ्लॉपी घेऊन आला.

"कुणाचं आहे हे?" नानांनी विचारले.

"माझं शे, नाना."

"फ्लॉपी तुझी. आतलं कुणाचं?"

मुलाने फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "सगळेच कॉपी करतात. त्याचं काय कमी होतं? त्याच्याकडचं त्याच्याकडे राहतंच ना."

मला तो मुद्दा बिनतोड वाटला. नाना रागावले नाहीत. "कमी काहीच होत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर मी याला चोरी म्हणत नाही. पण कोणीतरी कुठेतरी बसून हे लिहिलं. त्याला विचारलंस? पत्ता नसेल तर निदान नाव वाचलंस?" पुढे त्यांनी आपणहून सांगितले, की ते स्वतः प्रोग्रामिंग शिकले तेही कोणाच्या तरी कॉपीवरच. विकत मिळण्याची सोय नव्हती. त्यांनी परदेशातल्या त्या कंपनीला पत्र लिहून परवानगी मागितली होती. उत्तर आले नाही. "पण मी विचारलं होतं," नाना म्हणाले. "मागितलं की देणारा देतो. बहुतेक फुकटच देतो. न मागता घेतलं की त्यात देणारा उरतच नाही."

मी त्यांना आमच्या शाळेतली रीत सांगितली. कविता म्हणायला उभे राहिलेले मूल आधी हात जोडून कवितेचे नाव सांगते, मग कवीचे नाव, आणि मगच पहिली ओळ. दुपारच्या तासाला, बाहेर पांझरा नदीच्या बाजूने गरम वारा येत असताना, झोपाळलेल्या वर्गात ती दोन नावे ऐकली की माझे मन जागे होई. नानांना ही रीत फार आवडली. दौत सुरू केली की पडद्यावर आधी एक पाटी येई, 'दौत. दिगंबर बोरोले, जळगाव', आणि मग लिहिण्याचे पान उघडे. ही पाटी म्हणजे त्या रीतीचीच आठवण, असे ते म्हणत.

त्या वर्षी आमच्या शाळेचे वार्षिक दौतीवर निघाले. नानांनी दौतीची प्रत आपल्या हाताने आणून दिली. सगळे देखणे झाले, एक गोष्ट सोडून. दौत ओळी आपोआप जुळवत असे. ओळ कुठेही तोडा, ती पुढची ओळ ओढून घेई आणि समास भरून टाकी. लेखांना हे सोयीचे होते. पण साक्रीकडच्या एका नववीतल्या मुलीने आपल्या गावच्या आठवडी बाजारावर कविता दिली होती, ती एका परिच्छेदासारखी सलग छापली गेली. तिने अंक उघडून पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "सर, ही माझी नाही."

मी हे नानांना सांगितले. त्यांना ते एखाद्या आजारी माणसाची बातमी ऐकावी तसे लागले. मला थांबवून घेऊन त्यांनी विचारले, कवितेची ओळ कवी कुठे तोडतो, का तोडतो, कडव्यानंतरची जागा किती सोडायची. मी फळ्याजवळ उभा राहून बोलत होतो आणि हा पदार्थविज्ञानाचा माणूस खाली बसून टिपून घेत होता. शेवटी म्हणाले, "सर, दुसऱ्या दौतीत कविता राहील. शब्द देतो."

त्यानंतर धुळ्यात नानांचा सत्कार झाला. तो ज्यांनी घडवून आणला ते आमचे मुख्याध्यापक आबा आता आपल्यात नाहीत. त्यांच्याविषयी वाकडा शब्द मी लिहिणार नाही. तसा माझ्या मनातही नाही. आबांच्या शेतात पहिली वांगी, पहिले हरभरे निघाले की टोपल्या घरोघर जात. कोणाला नको म्हणायची सोय नव्हती. नानांचे काम पाहून आबा भारावले होते. "नाना आपलाच शे," ते म्हणत. "त्यानं जे केलं ते बठ्ठासले भेटाले पाहिजे," म्हणजे सगळ्यांना मिळायला पाहिजे.

सभागृह भरले होते. शाल, श्रीफळ, मानपत्र झाले. मग आबांनी खूण केली आणि दोन मुली मोठे ताट घेऊन आल्या. ताटात फ्लॉप्या रचलेल्या होत्या. प्रत्येकीवर हळदकुंकवाचे बोट उमटवलेले आणि वर पूजेचा लाल नाडा बांधलेला. आबा ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "नानांच्या सत्कारानिमित्त जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला आणि छापखान्याला दौत भेट. आमच्या पोरांनी रात्रंदिवस बसून कॉप्या काढल्यात." टाळ्या थांबेनात. शिंदखेड्यापासून आलेले मुख्याध्यापक रांगेने येऊन फ्लॉपी घेत होते, कपाळाला लावत होते. शेवटी एका मुलीने उत्सवमूर्ती म्हणून नानांनाही एक दिली.

व्यासपीठावर शाळेचा नवा संगणक मांडला होता. कोणीतरी कौतुकाने फ्लॉपी घालून तो सुरू केला. पाटी आली, पण वेगळी. 'सप्रेम भेट. सत्कार समिती, धुळे.' पोरांना वाटले होते, पहिले पान हे निमंत्रणपत्रिकेसारखे असते, देणाऱ्याचे नाव तिथेच घालायचे.

नाना पडद्याकडे पाहत राहिले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी आपल्या हातातल्या फ्लॉपीवरचे कुंकू हलक्या हाताने पुसले. शेजारी बसलेल्या आबांना एवढेच म्हणाले, "आत गेलं तर मशीन खराब होतं, आबा." भाषण दोन वाक्यांत आटोपले, आभार मानले. मी त्यांना एसटी स्टँडवर पोहोचवायला गेलो. जळगावची गाडी लागली होती.

"दुसरी दौत कुठवर आली?" मी विचारले.

"बघू," नाना म्हणाले आणि खिडकीशी बसले.

ते 'बघू' वर्षानुवर्षे तसेच राहिले. नानांनी क्लास चालू ठेवला, मुले घडवली, कोणाकडेही पाठ फिरवली नाही. दौतीचे नाव मात्र काढले नाही. नाना मनाला फार लावून घेतात, असे लोक म्हणत. आणि पहिली दौत इकडे हातोहात फिरत राहिली. लग्नपत्रिकांवरच्या आग्रहाच्या चार ओळी, दशक्रियेच्या पत्रकावरच्या चार ओळी, शाळांच्या वार्षिकांतल्या मुलांच्या कविता, सगळे सलग, समास भरून. जळगाव-धुळ्यात लहानाची मोठी झालेली एक पिढी छापील कविता अशीच दिसते असे समजत असेल, या विचाराने मला कधी कधी कसेसेच होते.

नानांच्या षष्ट्यब्दीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा छपाईचे काम धुळ्याच्या रफिकभाईंकडे गेले. रफिकभाई पूर्वी छपाईचे शिशाचे खिळे जुळवत. आता संगणकावर बसतात. मी मजकूर घेऊन गेलो तर पडद्यावर दौतच.

"ही कुठली, रफिकभाई?"

"ताटातली, सर. दुसरी आहे कुठे? बठ्ठे हीच वापरतस." मग म्हणाले, "खिळे होते तवा कविता कविताच राहायची. खिळा हलला तर मी ओरडायचो. आता कोणाला ओरडू?" आणखी थोड्या वेळाने त्यांनीच विषय काढला. "ज्यांचा ग्रंथ, त्यांचीच दौत, आणि त्यांना इचारलं नाही. बरं दिसतं का, सर?"

आम्ही दोघे जळगावला गेलो. नाना अंगणात उन्हाला बसले होते. रफिकभाईंनी टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "नाना, तुमची दौत वापरू का? तुमच्याच ग्रंथासाठी."

 नाना उठून आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ते एक फ्लॉपी घेऊन बाहेर आले. कागदी पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते, 'दौत, दुसरी'.

"त्या सत्कारानंतर पावसाळ्यातच पुरी झाली होती," ते म्हणाले. "सरांना शब्द दिला होता. म्हटलं, आता कोणी मागायला आलं की द्यायची. तुम्ही पहिले."

 इतकी वर्षे मी त्या घरी जात होतो, भरीत खात होतो. नानांना दुखवू नये म्हणून दौतीचे नाव टाळत होतो. आणि ते विचारण्याची वाट पाहत होते.

त्यांनी फ्लॉपी घातली. यंत्र घरघरले, थांबले, पुन्हा घरघरले. पडद्यावर वाचता येत नाही, असे आले. नानांनी ती काढली, उजेडात धरली. आतल्या काळ्या चकतीवर पांढरट बुरशीचे ठिपके दिसत होते. दुसरी प्रत नव्हती. सगळ्या खानदेशाने ज्यांच्या दौतीच्या प्रती काढल्या त्यांनी स्वतः एक जास्तीची काढली नव्हती.

"पुन्हा लिहाल का, नाना?" मी विचारले.

"आता माऊसवाल्या नव्या मशिनी आल्या, सर. ही दौत त्यांच्यावर कुठे चालते." मग रफिकभाईंच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "जुनी वापरा. विचारायला आलात, खूप झालं." वहिनींनी चहा आणला. कपाटात फ्लॉपी परत ठेवताना नानांनी ती पाकिटात नीट सरकवली, जणू अजून तिला कोणाकडे तरी जायचे आहे.

म्हणून हा ग्रंथ पहिल्या दौतीवरच निघतो आहे, पण परवानगीने. नानांना दीर्घायुष्य चिंतावे, त्यांच्या प्रकृतीला आराम असावा, त्यांच्या पुढच्या खोलीत मुलांचा गलबला असाच राहावा, हे सगळे मला चार ओळींत सांगायचे होते. रफिकभाईंनी दोनदा प्रयत्न केला. ओळी एकमेकींत जातातच. मी म्हटले, राहू द्या. वाचकांनी कृपा करून जिथे श्वास थांबेल तिथे ओळ तोडावी. शाळेच्या रीतीप्रमाणे आधी नावे सांगतो. कवितेचे नाव, दौत. रचणारा, नानांचा एक जुना मित्र. आणि जिच्यावर ती लिहिली ती दौत श्री. दिगंबर बोरोले, जळगाव, यांची, त्यांना विचारून.

दौत भरलेली राहो हात लिहिता असावा उंबऱ्याशी विचारत रोज पाहुणा दिसावा घेण्याआधी आम्हां मुखी नाव तुमचेच यावे शंभरीच्या उन्हामध्ये नाना निवांत बसावे