ताराआत्येची पाचर

आमची ताराआत्या आज सकाळी गेली.

भर रस्त्यात पदर खोचून लॉरीखाली शिरलेली आमच्या घरातली एकमेव बाई.

कमेंटमध्ये आरआयपी लिहू नका. "म्हंजी काय रे?" म्हणून तिने डोकं खाल्लं असतं. तिला प्रत्येक गोष्टीचं 'का' लागायचं.

लढाईच्या काळातली गोष्ट. तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलेली.

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, एका शेठची लॉरी चालवायचे. मुरबाडच्या जंगलातून आसनगाव स्टेशनला लाकडं. वाटेत ओढे, ओढ्यात धोंडे. लॉरीचं पोट घासायचं.

म्हणून शेठने मिस्त्रीकडून लॉरी उंच करून घेतली. पुढच्या पाट्यांना, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांना, पुढच्या टोकाला लांब कड्या लावल्या.

पोट घासायचं थांबलं. पण लॉरी पिसाळली!

स्टिअरिंग वळवलं की वळलेलंच राहायचं, आपणहून सरळ येईना. एकदा तर भरली लॉरी नाल्याच्या काठावर जाऊन थांबली.

आत्येचं लग्न नवं. जिवाचं नुसतं पाणी. "लॉरीचा आवाज येईस्तोवर घास उतरायचा नाय," म्हणायची.

मिस्त्री परत आला. चाकांना दोरी लावून बघितली. चाकं जोडणारा दांडा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. दोरीला चाकं अगदी सरळ, रस्त्यावर लॉरी वाकडीच.

"चाकंच बदलू," मिस्त्री म्हणाला.

आत्या सरळ लॉरीखाली.

"अगो, भायेर ये! लोक काय म्हणतील?" आतोबा ओरडले.

"म्हणू दे. अवो, ह्यो अ‍ॅक्सल आधी मागं कललेला व्हता ना? आता उभा का झालाय?"

आत्येने खालूनच अ‍ॅक्सलवर थाप मारली.

"नांगराचा कल बिघडला की तो भरकटतो. तवा तुमी बैल बदलता का पाचर मारता?"

मिस्त्री खाली वाकला. अ‍ॅक्सलचा कल हाताने चाचपला. मग म्हणाला, "वहिनी, करून बघू."

लोहाराने लोखंडाच्या दोन पाचरी घडवल्या. पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मधे घातल्या, जाड बाजू मागे.

पहिल्या फेरीला आत्या हट्टाने शेजारी बसली.

"वळवा. आता हात सोडा."

"येडी का गो तू?"

"सोडा म्हणते ना!"

सोडले. स्टिअरिंग आपोआप फिरून सरळ झालं.

आत्या ढसाढसा रडली. आणि डोळे पुसता पुसता म्हणाली, "पण जाड बाजू पुढं ठेवली असती तर?"

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी तिची व्हीलचेअर ढकलत होतो. "डावीकडं वढतेय रे. खाली बघ जरा." मी वाकून बघितलं. चाकात दोरा अडकला होता!

आतोबा तिच्या आधीच म्हातारे होऊन, घरात, अंथरुणावर, तिच्या हातचं पाणी पिऊन गेले. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "लॉरीनं नाय नेला माझा माणूस."

सरळ जा, आत्या. आतोबा वाट बघत असतील. रस्त्यात कशाखाली वाकून बघत बसू नकोस.

बघशीलच म्हणा.