एकट्याने बसायची गाडी

"बोलू दे तिला आधी," तो म्हणायचा.

इंजिन सुरू झालं की लगेच निघायचं नाही, हा त्याचा नियम. टाकीवर डावा तळहात ठेवून, मान जराशी वाकडी करून तो उभा राहायचा. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा, तसा. मध्ये आपण काही विचारलं तरी उत्तर मिळायचं नाही. मिनिटभराने हात उचलायचा आणि म्हणायचा, "हां. आता बोल, लीडर."

लीडर म्हणजे मी. नाव त्यानेच ठेवलेलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, कष्टकऱ्यांच्या संघटनेचं पूर्णवेळ काम करत होतो आणि त्याचा हेवा करत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी तत्त्वाच्या बऱ्याच गोष्टी बोलणार आहे, त्या ऐकताना तुमची फसगत व्हायला नको.

मुरबाडहून शहापूरकडे निघालात तर आमचा फाटा लागतो. तिथे त्याची पत्र्याची शेड होती. विहिरीवरचे पंप, डिझेल इंजिनं, भात भरडायच्या गिरण्या, जे बंद पडेल ते त्याच्याकडे यायचं. नव्वदच्या दशकात आमच्या घरचं सायक्लोस्टाइल यंत्रही एकदा आलं. माझे वडील कारखान्यातल्या युनियनचे. आमच्या घरी खेळणी नव्हती, पत्रकं होती. 'कामगार बंधूंनो' ही अक्षरं मी 'अ अननसाचा'च्या आधी ओळखायला लागलो. मोर्चाच्या आदल्या दिवशी यंत्राचा रूळ फाटला, तेव्हा त्याने सायकलची ट्यूब कापून तो असा मढवला, की पुढची पाच वर्षं त्यावर पत्रकं निघाली.

वडिलांनी त्याला कौतुकाने विचारलं, "वाचलंस का काय लिहिलंय?"

"नाय. शाई सारखी लागते का, तेवढं बगितलं."

वडील हसले. मी दहा-अकरा वर्षांचा होतो, मला राग आला. एवढा हात चालणारा माणूस, आणि त्याला काहीच पडलेलं नाही.

पुढे जमिनी विकल्या जाऊ लागल्या. डोंगराच्या पायथ्याची माळरानं एकेक करत तारेच्या कुंपणात गेली आणि आत लाल कौलांची फार्महाऊसं उभी राहिली. असल्याच एका शेटच्या मुलाने मुंबईहून ती गाडी आणली. मोटारसायकलसारखा हँडल, फुगीर चार चाकं, अंगाने बुटकी. शर्यतीची क्वाड बाइक. दोन हंगाम त्याने ती माळावर घुमवली, मग कंटाळला. गाडी बकऱ्यांच्या गोठ्यात पडून राहिली. शेटच्या बोअरवेलचा पंप आमच्या या माणसाने अख्खा उन्हाळा चालता ठेवला होता, म्हणून शेट म्हणाले, "ते भंगार हवं तर घेऊन जा."

भंगार बैलगाडीतून फाट्यावर आलं. सीटच्या फोममध्ये उंदरांची घरं होती. पावसाळाभर तो शेडमध्ये तिच्याशेजारी बसून होता. कार्ब्युरेटर उघडून त्याची सुईसारखी भोकं तांब्याच्या तारेने साफ केली. क्लचच्या प्लेटा मोटारसायकलच्या घासून बसवल्या. हवेच्या फिल्टरचा स्पंज रॉकेलमध्ये धुऊन, सावलीत वाळवून, तेलात भिजवून पिळला. दर रविवारी तो हे करायचा, आणि वाळत घातलेल्या त्या स्पंजकडे मी बघायचो. आमच्या संघटनेच्या फलकाचीही इतकी निगा कोणी राखत नव्हतं.

दसऱ्याला झेंडूची माळ घालून ती पहिल्यांदा बाहेर निघाली. पहिल्याच दिवशी पंक्चरवाल्याने स्कूटरच्या हिशेबाने टायरांत हवा भरली. तिला हवा अगदी कमी लागते, अंगठ्याने दाबलं तर टायर आत गेला पाहिजे. ती बेडकासारखी उसळली आणि त्याला करवंदीच्या जाळीत टाकून आली. तो काटे उपटत म्हणाला, "तिची चूक नाय. पोट फुटेस्तोवर खायला घातलं, मग काय करल ती?"

तिला रिव्हर्स नव्हता. अरुंद गल्लीत अडकली की चार माणसं बोलवायची, मागून उचलायची आणि फिरवून ठेवायची. आमच्या गावात जातीपातीवरून कधी एकत्र न बसणारी माणसं मी तिच्या मागच्या बंपरला एकदम हात लावताना पाहिली आहेत. हे काम माझ्या भाषणांनी व्हायला हवं होतं.

तिच्या आवाजाने गुरं बुजायची, तर म्हशाच्या जत्रेतून त्याने बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा आणून हँडलला बांधली. खरंच, घंटा ऐकली की गाई आपणहून बाजूला व्हायच्या. रविवारी सकाळी तो सिद्धगडाच्या बाजूच्या कोरड्या ओढ्यातून वर जायचा. उभा राहून, गुडघे सैल सोडून, उजव्या अंगठ्याने रेस देत. गाडी दगडांवरून जायची आणि त्याचं डोकं मात्र एका उंचीवर, पाण्याची घागर असावी तसं. चेहऱ्यावर काहीच नसायचं. हसू नाही, ऐट नाही. तो चेहरा मला सहन व्हायचा नाही.

"दादा, एक चक्कर द्या ना," मी एकदाच म्हणालो होतो.

"हिच्यावर दुसरं माणूस नाय बसत रे. एकट्याची गाडी. पाठी बसवला तर पुढची चाकं उचलते."

"मग मी एकटा बसतो."

"तुझं लक्ष दुसरीकडं असतं, लीडर."

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मथळा होता 'एकट्याची चैन'. नाव कोणाचंच घातलं नव्हतं. तानसा आणि भातसा धरणांचं पाणी उशापायथ्याशी असताना ज्या वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन कोस कोस चालतात, तिथे पेट्रोल जाळून डोंगर चढणाऱ्या मौजेला काय म्हणायचं, असा सवाल होता. त्यातला शब्द न् शब्द मला आजही खरा वाटतो. लिहिण्याचं कारण तेवढं खोटं होतं.

तो शेडमध्ये पत्रक हातात घेऊन बसलेला दिसला. म्हणाला, "बरं लिवलंय. पण पोवायला पण माणूस एकटाच उतरतो ना रे? त्याला कोण चैन म्हनतं?" मग कागद चाचपून बघितला. "कागद पण चांगला हाय. तेल ओढतो."

डोंगरातल्या ठाकरवाडीत, ठाकर आदिवासींच्या वस्तीत, माझी सभा असायची. कसत्या वनजमिनीच्या हक्काचे दावे कसे भरायचे, फार्महाऊसच्या कुंपणाने बंद झालेली वाट कशी उघडून घ्यायची, असे विषय. एकदा सभा रंगात असताना खालून घंटा वाजली. विसातली सोळा माणसं उठली. तो वाडीचा हातपंप दुरुस्त करायला आला होता, आणि तासाभरात पाणी आलंही. माझ्यासमोर उरलेल्या चौघांपैकी दोघे झोपले होते.

ती वाट मात्र खरोखर मोठी अडचण होती. आमच्याकडे भाताची रोपं टाकण्याआधी त्या जागेवर राब जाळतात. डोंगरातून झाडांच्या डहाळ्या तोडायच्या, वाळवायच्या, भारे बांधून खाली आणायचे आणि वाफ्यावर पसरून पेटवायचे. वाट बंद झाल्यापासून बायकांना डोक्यावर भारा घेऊन सगळ्या कुंपणाला वळसा घालावा लागत होता. मी त्याला म्हणालो, "दादा, तुमची गाडी ओढ्यातून चढते-उतरते. भारे वाहा ना त्यावरून. यंत्र कष्टकऱ्याच्या कामाला आलं पाहिजे."

"तिला कॅरियर नाय. आन् सायलेन्सर बग कुठं आलाय. पाठीमागंच. सुका पाला ठेवशील?"

मला वाटलं, सबब सांगतोय. मालकी आली की माणूस असाच बोलतो, हे मी शंभर पत्रकांत वाचलं होतं.

चैत्राच्या अखेरीस एक दिवस तो वाडीवर आला होता. भातसानगरला कसलासा पंप अडला म्हणून तिथली जीप त्याला न्यायला आली. गाडी करंजाच्या झाडाखाली उभी करून त्याने चावी माझ्या हातात दिली. "पोरं हात लावतात. दुपारपर्यंत लक्ष ठेव."

माझ्यावर कोणी इतका सहज विश्वास टाकावा, याचाही मला राग आला.

थोड्या वेळाने बायका वरून भारे घेऊन उतरल्या. पुढे एक म्हातारी होती, तिला सगळी वाडी आये म्हणायची. तिने भारा टेकवला आणि मान चोळत बसली. मी उठलो.

"आये, द्या तो भारा. मी नेतो खाली गाडीवरून."

"नको रं. त्याची गाडी हाय."

"गाडी सगळ्यांची आहे."

"त्याला इचारलंस?"

"विचारायचं काय त्यात?"

दोन भारे मागे दोरीने आवळले. त्यांचे शेंडे दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होते. इंजिन सुरू केलं आणि लगेच निघालो. तिला बोलू दिलं नाही.

तुम्हांला खरं सांगतो, ओढ्याचं पहिलं वळण उतरलो तेव्हा मी भारे विसरलो, बायका विसरलो, संघटना विसरलो. अंगठ्याखाली ती हलकेच गुरगुरत होती आणि माझे गुडघे आपोआप सैल झाले होते. त्याच्या चेहऱ्यावर काहीच का नसायचं, ते मला तेव्हा कळलं. चेहऱ्याकडे लक्ष द्यायला आत कोणी नसतंच. मी रेस दिली. अजून दिली.

मागून आयेची हाक आली. मला वाटलं, हळू चालव म्हणत असेल. मग पाठीला धग लागली.

मी उडी टाकली. गाडी तशीच पुढे गेली आणि बांधाला धडकून उभी राहिली, मागे दोन पेटते भारे घेऊन. सुकं गवत भराभरा पेट घेत गेलं. पाण्याचा थेंब जवळ नव्हता. बायकांनी हिरव्या डहाळ्या तोडल्या आणि आगीच्या पुढच्या अंगाला जाऊन झोडपायला सुरुवात केली, वणवा विझवतात तसं. मीही झोडपत होतो. जंगल वाचलं, एक उतार तेवढा काळा झाला. गाडी वाचली नाही. तिच्याकडे बघायला कोणाला वेळच नव्हता.

तो दुपारी आला. उतरणीवर उभा राहून त्याने सगळं बघितलं. मग माझ्याजवळ आला.

"भाजलास का कुठं?"

पाठ चुरचुरत होती, तरी मी नाही म्हणून मान हलवली. तो गाडीपाशी गेला, खाली बसला आणि वितळलेल्या टाकीच्या जागी तळहात ठेवायला गेला. चटका बसला म्हणून हात काढला.

तासाभराने जंगलचा गार्ड धूर बघून वर आला. "आग कोणी लावली?"

आता ठाकरवाडी गार्डाला कधीच काही सांगत नाही. किती वाजले, हेसुद्धा खरं सांगणार नाहीत. बायका जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. बोलायचं ते मलाच होतं. माझ्या पिशवीत वाडीचे वनजमिनीचे दावे होते, अजून न दिलेले. दावे भरणाऱ्यानेच जंगल पेटवलं असं कागदावर आलं तर त्या दाव्यांचं काय होईल? हा विचार माझ्या मनात आला, हे खरं आहे. मी घाबरलो होतो, हेही खरं आहे. यातलं आधी काय आलं, हे मी आजवर स्वतःला ठामपणे सांगू शकलेलो नाही.

"गाडी माझी," तो म्हणाला. "सायलेन्सर तापला. माझीच चूक."

गार्डाने त्याचं नाव लिहून घेतलं. अंगठ्याने रेस द्यायची ज्याला सवय, त्याने सही मात्र शाळेतल्या मुलासारखी सावकाश केली. खाली जाताना तो मला एवढंच म्हणाला, "तुझे कागद दे लवकर. पावसाच्या आत."

गावात मग एकच बोलणं. त्या चार चाकाच्या माजोरड्याने डोंगर जाळला. पंप घेऊन येणारे कमी झाले. केसच्या तारखांना तो दोन-तीनदा जाऊन आला, दंड भरला आणि एक दिवस शेडला कुलूप दिसलं. कोणी म्हणालं वापीला गेला, कोणी म्हणालं सिल्वासाला. निरोप कोणाकडेच नव्हता.

जाण्याआधी त्याने एक काम केलं होतं. जळलेल्या सांगाड्यातला मागच्या दोन चाकांना जोडणारा आक काढून त्याला कुठली तरी जुनी चाकं बसवली आणि वर फळ्यांचा साटा ठोकून दोन चाकांचा हातगाडा वाडीवर पोचवला. भारे वाहायला. दोन बायका ओढू शकतील, इतका हलका. मी गेलो तेव्हा आये त्यावर पाण्याचे कॅन रचत होती.

"तुजा गाडा बेस झालाय," ती म्हणाली.

"माझा?"

"त्यो बोलला, लीडरनं सांगितलं तसा केलाय. भारं वाहायची कल्पना लीडरची."

मी तिथून उठून आलो. त्याने शिवी दिली असती तर पत्रकात उत्तर देता आलं असतं.

दावे पावसाच्या आत गेले. पुढे त्यांतले काही मंजूरही झाले. ज्या दिवशी कागद हातात आले, त्या दिवशी मी फाट्यावर चहाच्या टपरीवर गेलो. तिथे नेहमीची मंडळी बसली होती आणि कोणीतरी पुन्हा त्या काळ्या उताराचा विषय काढला होता. मी उभा राहिलो, सभेत राहतो तसा.

"त्याने नाही जाळला. मी जाळला. गाडी मी चालवत होतो."

 मग टपरीवाला म्हणाला, "तू? तुला सायकल धड चालवता येते काय रे, लीडर?"

हसू फुटलं. एक म्हातारा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मित्रासाठी बोलतोस, चांगलं हाय. पन खोटं नको बोलू. ती गाडी त्याच्याशिवाय कुणाच्यान चढली नसती."

मी शपथ घेतली. भारे कसे बांधले, ते सांगितलं. भाजलेली पाठ दाखवायला सदरा वर केला, पण डाग कधीच गेले होते. माणसं चहा पिऊन एकेक करून उठली. समोर त्याच्या शेडच्या पत्र्यावर वेल चढला होता, कुलूप त्यात अर्धं बुडालं होतं, आणि पंक्चरवाला मला सांगत होता, काय चालवायचा रे तो, आग लागली तरी खाली नसेल पडला.