कारण: सापडले नाही

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. माणसाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा उभ्या पुण्यात एकच गृहस्थ मला भेटला, आणि त्याच्याशीच मी खोटं बोललो.

ऑफिसात ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. मूळचे नागपूरचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीवर वाढलेले. कंपनीने सगळ्यांना विंडोजचे संगणक दिले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माउस रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. "झोपू द्या जी त्याला," म्हणाले. विंडोजच्या पोटात त्यांनी युनिक्ससारखं शेल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, बसवून घेतलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. एखादी स्क्रिप्ट, म्हणजे शेलला द्यायच्या हुकमांची यादी, अडली की ते ती कागदावर छापत आणि ओळीखाली पट्टी धरून, ओठ हलवत वाचत. एकदा साहेबांनी विचारलं, "पारायण कधी आटोपणार?" "प्रसादाला बोलावतो न," हे मान वर न करता म्हणाले. प्रत्येक बिघाड एका लांबट वहीत लिहीत: काय झालं, कारण काय. यंत्राचं म्हणणं ते तीनदा पडताळत, माणसाचं एकदाही नाही. दुकानदार 'नाही' म्हणाला तरी आम्ही पुणेकर मान लांबवून फळीवर बघून घेतो. हे "बरं" म्हणून वळत.

परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी एक भली मोठी स्क्रिप्ट लिहिली होती. ती चालली की ते स्वतः तिकडे जाऊन बसवून देणार होते. स्वेटरही घेऊन ठेवला होता. त्यातल्या जेमतेम चाळीस ओळी माझ्या होत्या; वर नाव मात्र एकट्या त्यांचं. एका दुपारी ते डबा खायला गेले असताना मी ती फाइल विंडोजच्या एडिटरमध्ये उघडली, त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, सेव्ह केलं. मग लाज वाटली. नाव पुसलं, पुन्हा सेव्ह केलं. दिसायला फाइल होती तशीच. पण ओळ संपवण्याची विंडोजची रीत वेगळी. प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह चिकटलं होतं, आणि शेल त्याला अडखळून पहिल्याच ओळीला बसलं.

दुखणं त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं होतं. "विंडोजच्या एडिटरमध्ये उघडली होती का जी तुम्ही?" त्यांनी मला विचारलं. मागे साहेब उभे होते. मी म्हणालो, "नाही."

"नाही न? मग ते नाही." त्यांनी ती शक्यता खोडली.

मग तीन दिवस पट्टी कागदावरून सरकत राहिली. न दिसणारं चिन्ह कागदावर कुठून दिसणार? मी शेजारी बसून तिचा आवाज ऐकत होतो. शेवटी त्यांनी पहिल्यापासून सगळं हाताने पुन्हा टाइप केलं आणि स्क्रिप्ट चालली. "म्हणजे आधी तुमचंच चुकलं होतं," साहेब म्हणाले. "असंल जी," हे म्हणाले. परदेशी मला पाठवलं. जाताना त्यांनी तो स्वेटर माझ्या हातात दिला. "घ्या, मले इथं काय काम त्याचं?" तिकडे थंडी होती. मी तो घातला.

गेल्या महिन्यात कर्वेनगरला त्यांच्या घरी गेलो होतो. निवृत्त झालेत, दिसतं कमी. चहा झाल्यावर ती वही काढली, भिंग धरून एक पान उघडलं. सगळ्या वहीत कारणावाचून राहिलेली तेवढीच एक नोंद: 'कारण: सापडले नाही. चूक माझी धरावी.' "हे एक राहिलं पाहा," ते म्हणाले. "तुम्ही होते न तेव्हा? काही आठवते?" मी कपातला उरलेला गार चहा संपवला आणि म्हणालो, "फार दिवस झाले हो."

"हो, तेही खरं," त्यांनी लगेच मानलं आणि वही मिटली.

त्या दुपारच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' होतं. ते मी अजून त्यांना देणं लागतो.