बाकावरचा ठसा

कचेरीच्या भिंतीलगत, माझ्या टंकलेखन यंत्रासमोर, परवा एक सून सासूसह उभी राहिली. समुपदेशन केंद्रातील बाईंनी तिला करारनामा करून आणण्यास सांगितले होते. तिथे सांगितलेले कोणासही कळविले जाणार नाही, हे त्यातील मुख्य कलम. मसुदा मी बांधेसूद केला. सुनेस वाचता येत नव्हते, म्हणून आमच्या पेशाच्या रिवाजानुसार, अंगठ्यापूर्वी, तो खणखणीत आवाजात वाचून दाखविला.

"म्हंजी घरातलं तिथं सांगनार व्हय गं?" सासूने विचारले.

"नाही आत्याबाई, झोप लागत नाही, एवढंच सांगंन."

"मग मी बी येते. माझ्यादेखत सांग."

शाई लावलेला अंगठा सुनेने माझ्या बाकाच्या कडेवर टेकला आणि कागद तसाच ठेवून ती सासूमागून घराकडे चालू लागली.

तेव्हापासून वाटते, मन मोकळे करण्याची मुभादेखील ज्यांना चारचौघांत मागावी लागते, त्यांच्यासाठी कोणते कलम लिहावे?

बाकावरचा ठसा पुसलेला नाही. रेघ न् रेघ उमटली आहे. कागदावर इतका स्वच्छ अंगठा क्वचितच येतो.