गुलाबाच्या शेडमधला संचार

आमच्या मळ्यात हे संगीत पोराने आणलं. तो तेव्हा डिप्लोमाला होता. त्याच्याबरोबर आणखी दोघं असायचे, ड्रम वाजवणारा एक लांबडा आणि ओरडणारा एक बुटका. घरात जागा नव्हती म्हणून त्यांनी कांद्याची चाळ धरली. कांदे विकून चाळ रिकामी झाली की तिघं आत शिरायचे. पण कांद्याच्या चाळीला भिंती नसतात, पट्ट्या असतात, हवा खेळती राहावी म्हणून. हवा जशी आत जायची तसा आवाज बाहेर यायचा आणि पाटापलीकडच्या वस्तीपर्यंत पोचायचा.

"शेजारच्या चाळीतल्या कांद्याला कोंब फुटतील," आमचे हे म्हणायचे.

"बाबा, कोंब ओलीने फुटतात."

"हे ऐकून दगडाला पण फुटतील."

भर उन्हाळ्यातही तिघांच्या अंगात काळे टी-शर्ट. त्यावर कवट्या, साप, जळणारी झाडं. पोराचे मी धुवायचे आणि दोरीवर उलटे वाळत घालायचे, कारण सासूबाई सकाळी उठल्या की पहिल्यांदा दोरीकडेच बघायच्या. छातीवर नावं छापलेली असत ती मला वाचता येत नसत. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातून ते इंग्रजी. पण पोरगा म्हणाला, "आई, ती कोणालाच वाचता येत नाहीत. ती तशीच असतात." खरंच, बाभळीच्या काट्या विस्कटून टाकाव्यात तशी अक्षरं. त्या शर्टापुढे मी आणि त्याच्या कॉलेजचे सर सारखेच, याचं मला बरं वाटायचं.

चहा नेण्याचं काम माझं. गाणं मधेच तोडून "चहा आणलाय" म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी तशीही चारचौघांत बोलत नाही. बचत गटाच्या बैठकीत माझं नाव पुकारलं की शेजारीणच माझ्या वतीने "हाय, हाय, आलीय ती" म्हणते. तर मी चाळीच्या दाराशी उभी राहायचे, चहा गार व्हायचा आणि मी ऐकत राहायचे. पहिले काही महिने नुसता गोंधळ वाटला. मग जत्रेच्या गर्दीत हळूहळू ओळखीची माणसं दिसायला लागतात तसं झालं. हा ड्रमवाला, हा दोन्ही पायांनी मारतो. ही गिटार. आणि हा बुटका, जो एरवी खाली मान घालून "काकू, साखर जरा कमी टाकत जा" म्हणायचा, तो तिथे कोणावर तरी भयंकर रागावलेला असायचा. मी एकदा धीर करून विचारलं, कोणावर एवढा राग?

"समाजावर, काकू," तो म्हणाला आणि दोन बिस्किटं घेतली.

मग तिघंही मोठे झाले. बुटक्याने हळदीला वाजवायचा डीजे काढला. आता तो लोकांच्या लग्नात नवरदेवाच्या मामाला नाचवतो आणि समाजावरचा राग कुठे गेला कळत नाही. लांबड्याने माळ घातली. तो भजनी मंडळात मृदंग वाजवतो आणि गावातले म्हातारे टाळकरी म्हणतात, पोरगं गुणी आहे पण लय पळवतं. माझा मुलगा अंबडच्या कंपनीत लागला, केस कापले, लग्न झालं, मुलगी झाली. गिटार माळ्यावर गेली. गाडीत आता तो कुठल्याशा मुलीची गाणी लावतो. ती पडसं झाल्यासारखी, कानाजवळ येऊन काहीतरी सांगते. मी एकदा म्हटलं, तुझी ती जुनी लाव की. तो हसला. "आई, ते वय गेलं. आता डोकं दुखतं."

मला राग आला. सवय लावली आणि तिघंही निघून गेले.

नवा फोन घेतल्यावर पोराने जुना मला दिला, फुलबाजाराचे भाव बघायला. त्यात त्याची गाणी तशीच राहिली होती. मला नावं वाचता येईनात, म्हणून मी गाण्यांवरची चित्रं लक्षात ठेवली. बकऱ्याच्या तोंडाचं, विहिरीचं, दात नसलेल्या म्हातारीचं. आमच्या पॉलीहाऊसमध्ये, म्हणजे गुलाबाच्या प्लॅस्टिकच्या शेडमध्ये, सकाळची तोडणी मी एकटी करते. कळी उमलायच्या आत कापावी लागते. कानात वायर, वरून पदर घट्ट बांधलेला, आणि हातात सिकेटर, ती फुलं कापायची कात्री.

सुरुवातीला मला पळती गाणीच आवडायची. हातही त्याच वेगाने चालायचा आणि वाफे भराभर सरायचे. पुढे गुडघे दुखायला लागले आणि आवड बदलली. आता मला सावकाश आणि जड लागतं. भरल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर चढ चढतो तसं. बराच वेळ नुसतं गुरगुरतं आणि मग एकदम खाली आदळतं. अशा जागी मान आपोआप हलते. पोरं हलवायची तशीच, पण मी आपली माझ्या वयाने.

त्या मंगळवारी मी डोक्यावरून न्हाले होते. केस ओले, म्हणून मोकळेच सोडले. म्हातारीचं गाणं चालू होतं. ते आदळण्याच्या जागेवर आलं, मी डोळे मिटले आणि मान सोडून दिली. केस पुढे, केस मागे. आसपास कोणी नाही म्हणून गाणाऱ्याच्या बरोबरीने गुरगुरतही होते. शब्द इंग्रजी आहेत म्हणतात. मी 'घ' आणि 'र' यांच्यावर भागवत होते.

डोळे उघडले तर समोर शेजारीण. फवारणीचा पंप मागायला आली होती. तिने काय पाहिलं असेल ते मला नंतर समजलं. मंगळवार, मोकळे केस, घामाने कपाळभर पसरलेलं कुंकू, हातात कात्री, आणि एरवी तोंडातून शब्द न काढणारी बाई पुरुषी आवाजात घुमतेय. वायर केसांत लपलेली. तिने तिथेच मातीत गुडघे टेकले आणि पदर पसरला.

"आई! काय चुकलं माझं? पंप उद्या दिला तरी चालंल!"

मी काय बोलणार? घसा बसला होता. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. ती पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी शेडबाहेर गेली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मळ्यांत झालं. गडावरची आई माझ्या अंगात येते. बोलत नाही, नुसती बघते. सूनबाईने पाया पडून हळद-कुंकू लावलं. आमचे हे ओट्यावर अवघडून बसले होते. जरा वेळाने म्हणाले, "चहा घेता का?"

मी मागे वळून बघितलं. "कोण?"

"तुम्ही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी मला कधी चहा विचारला नव्हता. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते कपाला लावलं.

पुढच्या मंगळवारी शेडच्या दाराशी चपलांची रांग. बायका नारळ, ओटी घेऊन बसलेल्या. मी खाली मान घालून फुलं कापत राहिले, कानात काही न घालता. त्या शांततेत एवढी माणसं बघून माझे हात थरथरायला लागले, तर एकजण म्हणाली, "आलं, आलं." मी डोळे टिपले, तर दुसरी म्हणाली, "माहेरची आठवण झाली तिला." माझी सकाळ गेली ती गेलीच, पण एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं.

शेजारीण पुढे आली. मागे तिची मुलगी, बारावी झालेली. "आई, हिला नर्सिंगला जायचंय. आन् लासलगावचं स्थळ आलंय, कांद्याची आडत हाय, घर मोठं. मला काय सुधरत नाय. तू सांगशील ते करीन. पुढच्या मंगळवारी त्या लोकांना कळवायचंय, तवा सांग."

मुलगी मागून माझ्याकडे बघत होती. हात जोडलेले नव्हते. कापलेल्या फुलांच्या बादलीकडे बघावं तसं बघत होती, आपण यात जाणार का नाही असं.

माझं जेवण उडालं. शेवटी रविवारी पोराला विहिरीजवळ गाठलं आणि सगळं सांगितलं. तो आधी घाबरून ऐकत होता, मग त्याचं तोंडच उघडं राहिलं.

"आई, तू ते ऐकतेस? मी पण नाय ऐकत आता!"

"बाकीची नाही. ती विहिरीची आणि म्हातारीची."

त्याने फोन घेऊन पाहिलं. "ही? ही तर मला तेव्हा बोअर व्हायची. पुढंच सरकत नाहीत."

"तुला तेव्हा घाई होती," मी म्हटलं.

त्याला राहवलं नाही, त्याने तिथूनच बुटक्याला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून एवढा आरडाओरडा झाला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "काकू! आम्ही सगळे फुटलो आन् तुम्ही एकट्या टिकल्या! मी आत्ता, काकू, सुपारी फोडायच्या कार्यक्रमात उभा हाय!"

हसून झाल्यावर पोरगा म्हणाला, "सोपं आहे. मंगळवारी एकदा घुम, नर्सिंगला पाठव म्हण आणि सांग, आता मी गडावर चालले, परत येणार नाही. पोरीचं भलं होईल, तू मोकळी."

मला मोह झाला, नाही असं नाही. घुमायला तर मला येतच होतं. पण गडावर मी दरवर्षी जाते. तिच्या दारात उभी राहून काय सांगू, तुझ्या नावावर माझं मत खपवलं म्हणून? आणि त्यापुढच्या मंगळवारी कोणीतरी बांधावरच्या भांडणाचा निकाल मागायला येईल. तेव्हा काय, गडावरून परत येऊ?

मंगळवारी बायका जमल्या. मी केस घट्ट बांधले होते. शेजारीण ओटी घेऊन पुढे आली. मला बोलता येईना, म्हणून मी फोन काढला, गाणं लावलं आणि वायरचं एक टोक तिच्या कानात घातलं. म्हटलं, ऐकून तिचं तिलाच कळेल.

तिने ऐकलं. डोळे मोठे झाले. झटकन हात जोडले. "अगं बाई! हिच्या तर फोनवर येते!"

बायकांची एकच झुंबड उडाली. मलाही, मलाही. एकीने मधेच कापूर पेटवला. प्लॅस्टिकच्या शेडमध्ये! तो विझवायला मी धावले आणि या गडबडीत त्या मुलीने वायर कानाला लावली.

"आई," ती शेजारणीला म्हणाली, "हे मेटल आहे."

"कशाचं?"

"कशाचं नाही गं. गाणं आहे. माझ्या मैत्रिणीचा भाऊ ऐकतो. त्याच्या अंगात काही येत नाही, त्याचे बारावीत दोन विषय राहिलेत."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग मी बोलले. चारचौघींत एवढं मी जन्मात बोलले नव्हते. "मला याची आवड आहे. देवी नाही, मीच मान हलवते. आणि हिला नर्सिंगला पाठव. हे पण देवी सांगत नाही, मी सांगतेय."

मग शेजारणीने ओटीतला नारळ परत पिशवीत टाकला.

"तू कोण गं सांगणारी?"

खरंच होतं. आठवडाभर मला सगळं विचारत होत्या आणि पहिल्यांदा खरं बोलले तर मी कोण? बायका हळूहळू उठल्या. एकदोघी हसत गेल्या, एकदोघी शिव्या देत. आमच्या यांनी संध्याकाळी "भाकरी टाक" म्हटलं, त्यावरून बातमी घरीही पोचल्याचं समजलं.

शेजारीण बोलायची बंद झाली. बांधावर दिसली की तोंड फिरवायची. लासलगावच्यांना तिने काय कळवलं ते विचारायची सोय नव्हती. मी गाणी लावायची, पण मान हलत नव्हती. वाटायचं, नुसतं एकदा घुमले असते तर त्या पोरीचं काम झालं असतं. माझ्या खरेपणापायी ती अडकली.

एका सकाळी शेडचं प्लॅस्टिक सरकलं आणि शेजारीण आत आली. आल्याआल्या सुरू झाली.

"त्या लोकांना नाय म्हणून कळवलं."

मी वायर काढली.

"देवीनं सांगितलं असतं ना, तर मुकाट केलं असतं. तिच्याशी भांडता येत नाय. तू सांगितलं म्हणून बसले भांडत, मनातल्या मनात. पीठ मळताना तुझ्याशी भांडण, निंदताना तुझ्याशी भांडण. चौथी शिकलेली मला काय शिकवती म्हटलं. आडत हाय म्हटलं, मोठं घर हाय म्हटलं. तू एका शब्दानं उलटून बोलली नाय आन् मीच हरले."

"मी कुठे होते तिथे?"

"तेच ना! तू असती तर जिंकले असते." ती वाफ्याच्या कडेला बसली. पदराने वारा घेत म्हणाली, "सोमवारी हॉस्टेलला सोडायचंय तिला. पण एक सांगून ठेवते. तिकडं जाऊन पोरगी बिघडली, तर इथं तुझ्या शेडमधी आणून बसवीन."

"बसव," मी म्हटलं. "तोडणीला माणूस लागतंच."