दादाने आईच्या डायरीला इस्त्री केली

आमच्या दादाला जगात एकच शत्रू आहे, सुरकुती. कापडावरची सोडाच, कशावरचीही. सकाळचा पेपर तो आधी इस्त्री करतो आणि मग वाचतो. शाळेत असताना माझं प्रगतिपुस्तक त्याने असं कडक करून दिलं होतं, की आतले मार्क त्यापुढे अगदीच मरगळलेले दिसत होते. एकदा वहिनीचा प्लास्टिकचा रेनकोट त्याच्या इस्त्रीला चिकटून बसला आणि तिने त्याच्याशी चांगला अबोला धरला. तरी खोड जाईना.

लाँड्री मुळात आईची. बाबा गेल्यावर दादा कॉलेज सोडून तिच्या शेजारी टेबलापाशी उभा राहिला, तो उभाच. आई शर्टांच्या कॉलरी करायची, हा पँटींच्या घड्या घालायचा, आणि दिवसभर दोघांची तोंडं चालू. माझ्याशी कधी इतकं बोलली नाहीत, मेली! दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की आई काउंटरमागच्या स्टुलावर बसून डायरी लिहायची. कुणाच्या घरी बाळ झालं, कोण कुणाशी भांडलं, मी कुठला हट्ट केला, सगळं. फक्त खाडाखोड तिला खपायची नाही. "खाडाखोड म्हणजे डाग. आणि डाग घेऊन आपल्या दुकानातून काही बाहेर जात नाही," म्हणायची. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात घासून पुसता येणाऱ्या शाईचं पेन आलं, तेव्हा आई लहान पोरीसारखी हरखली. पुढे तिने दुसरं पेन हातात धरलं नाही.

जुन्या डायऱ्या आम्ही सगळ्यांनी वाचल्या होत्या. राहिली होती ती शेवटची, आणि तिच्यावर हक्क होता मावशीचा.

मावशी आईची धाकटी बहीण. ती रांगत होती तेव्हाच त्यांची आई, म्हणजे आमची आजी, गेली. फोटो एकही नाही. आजी ज्यांना आठवायची त्यांतली शेवटची उरली होती आमची आई. मावशी राहते परदेशात. शेवटच्या महिन्यांत आई तिला फोनवर सांगायची, "ठके, आपल्या आईचं जेवढं आठवतंय तेवढं सगळं लिहून काढतेय. तू आलीस की पहिलं तुलाच वाचून दाखवीन." मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, येणं लांबलं, आणि आई थांबली नाही.

दादाने ती डायरी धुतलेल्या पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवली. मी कितीदा म्हटलं, "एक पान रे दादा, एकच!" तर म्हणे, "आईने शब्द दिलाय. आधी मावशी, मग आपण." वर्षभर त्याने कुणाला हात लावू दिला नाही.

आणि मावशी येणार त्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले, तर हा जमिनीवर बसलेला. इस्त्रीचा प्लग काढलेला. दुकान उघडं आणि इस्त्री गार, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"काय झालं रे?"

"पानं वळली होती गं. दुकानातल्या वाफेत बसून लिहिलेली डायरी ती. मावशीच्या हातात असली चुरगळलेली कशी द्यायची? म्हटलं, वर कापड घालून हलकासा हात फिरवतो. मी अक्षरांकडे बघतही नव्हतो, आधी वाचायचं नाही म्हणून."

त्याने डायरी पुढे केली. एकूण एक पान सपाट, गुळगुळीत आणि कोरं.

"अरे, अक्कल कुठे गहाण ठेवलीस?" मी ओरडलेच. आणखीही खूप बोलणार होते. पण तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी आईला दुसऱ्यांदा घालवलं गं," आणि हा दांडगा माणूस ढसाढसा रडायला लागला. मग कुठलं बोलणार? मलाही रडू फुटलं. पण मला रडताना आधी राग येतो. काउंटरवरच्या डब्यात आईचं पेन होतं, ते उचललं आणि तरातरा समोरच्या दुकानात गेले.

"ही कसली शाई विकता हो तुम्ही?"

स्टेशनरीवाल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! ती शाई घासल्यामुळे नाही जात, घासून गरम होते म्हणून जाते. आणि तुम्ही थेट इस्त्रीच केलीत!" मी मागे वळणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा जरा. कडक थंडीत ठेवली तर परत दिसते म्हणे. पेनं घेऊन येणारा माणूस सांगत होता. मी काही करून पाहिलेलं नाही हं."

वहिनीने डायरी पिशवीत घालून आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबली. बऱ्याच वेळाने काढून पाहिलं, तर एका पानाच्या कडेला पुसट राखाडी काहीतरी. शब्द म्हणवणार नाही, पण काहीतरी होतं खरं! "आपला फ्रीज म्हातारा झालाय. आणखी गार पाहिजे," वहिनी म्हणाली.

कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्या काकांचे पांढरे कोट आईच करायची. आम्ही तिघं धावत तिथे. त्यांनी अर्धंमुर्धं ऐकलं आणि भराभर डबे बाहेर काढून मोठ्या फ्रीजरमध्ये जागा केली. "वितळलं तर वितळू दे. ताईंचं आधी."

मावशी टॅक्सीतून उतरली ती बंद दुकानापुढे. शेजाऱ्यांनी तिला आइस्क्रीमच्या दुकानात धाडलं. दादाची पाचावर धारण बसली होती, पण त्याने लपवाछपवी केली नाही. तिच्या हातातली काठीही खाली ठेवू न देता सगळं सांगून टाकलं. मावशी खुर्चीवर टेकली. मग म्हणाली, "जन्मभर थांबले, आणखी थोडं थांबते. तू आधी डोळे पूस."

आम्ही थांबलो. कुणी आइस्क्रीमला हात लावला नाही, वितळत असलेल्यालाही.

शेवटी काकांनी झाकण उघडलं. दादाने पिशवीतून डायरी काढली, पहिलं पान उलटलं आणि असा ओरडला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. "आली! आई आली!" फिकट होतं, पण आईचं अक्षर होतं, ओळ न् ओळ, तिने घासून पुसलेले शब्दसुद्धा. मी दादाच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याच्याच गळ्यात पडले.

मावशीने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली.

"ठके, आपली आई गोरी होती की सावळी, मला धड आठवत नाही. पण तिचं हसणं पक्कं आठवतं. आवाज यायचाच नाही. आधी नुसते खांदे हलायचे, मग पोट, आणि डोळ्यांतून पाणी आलं की कुठे तोंडातून बारीक शीळ निघायची. तू पहिल्यांदा तशी हसलीस, तेव्हा मी हातातलं काम टाकून बघत राहिले. फोटो नाही म्हणून किती रडायचीस. अगं वेडे, हसताना आरशात बघ."

मावशीने वर पाहिलं. फ्रीजरमागच्या भिंतीला आरसा होता. आधी तिचे खांदे हलले, मग पोट. तिच्या त्या हसण्याच्या नकला करत आम्ही लहानाचे मोठे झालो होतो, आणि त्या दिवशी सगळे हातातलं टाकून बघत राहिलो. डोळ्यांतून पाणी आलं आणि मग शीळही निघाली. मी मोबाइल काढून फोटो घेतला.

मूळ डायरी अजून काकांच्या फ्रीजरमध्ये आहे. दादाने तिची प्रत केली ती साध्या बॉलपेनने, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खाडाखोडीसकट. त्या प्रतीच्या झेरॉक्स मावशीला, भावंडांना, सगळ्यांना पोचल्या. प्रत्येकीत पहिल्या पानावर त्याने तो मावशीचा फोटो डिंकाने चिकटवलाय, कुठे वाकडा, कुठे सुरकुतलेला. खाली लिहिलंय, "आपली आजी."