‘माय वं’ला शुद्ध करणाऱ्यांनो

सुमनबाई मेश्राम यांची आणि माझी ओळख माझ्या चुकीतून झाली. नागपुरात एका वकिलांकडे मी टंकलेखक होतो. बाई कामठीला घरी तिखट कुटत आणि पुड्यांवर ‘माय वं’ असा रबरी शिक्का मारत. झणका लागला की आमच्याकडच्या बायका जे म्हणतात, तेच नाव. त्या नावाचे व्यापारचिन्ह नोंदवून कंपनी काढायला त्या आल्या होत्या. मी पडलो शुद्ध मराठीचा शहाणा! दोन्ही अर्जांत ‘आई गं’ टंकून मोकळा झालो. अर्ज इंग्रजीत, त्यामुळे बाईंनी विश्वासाने सह्या केल्या.

कागद मंजूर होऊन आले, कुणीतरी ते वाचून दाखवले, आणि बाई थेट माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “काहून बदललं गा? तिखट लागलं का आमच्या इकडं ‘आई गं’ कोन म्हंते?”

तोवर इतवारीतल्या एका व्यापाऱ्याने ‘माय वं’साठी स्वतःचा अर्ज ठोकला होता. बाईंनी हरकत घेतली. सुनावणीत त्याचे वकील म्हणाले, “ही गावंढळ बोली, ती काय कुणाच्या मालकीची? शिवाय बाईंनीच ‘आई गं’ लिहून दिलंय.” आजही आठवले की माझे डोके फिरते. बोलायला गावंढळ, आणि विकायला चालते?

चूक माझी, असे मी शपथेवर लिहून दिले. आमच्या वकीलसाहेबांनी मला त्याच दिवशी घरी बसवले. पण कामठीच्या बायकांनी डब्यांच्या तळाशी अंथरलेले बाईंच्या पुड्यांचे जुने शिक्क्याचे कागद काढून आणले, वापर व्यापाऱ्याच्या आधीचा हे सिद्ध झाले, आणि नाव बाईंचेच ठरले. कंपनीचे नावही बदलून मिळाले. निकालानंतर बाई मला एवढेच म्हणाल्या, “उद्यापासून आमच्याकडं ये. पन जे लिहिशीन, ते पह्यले मले वाचून दाखवजो.” तेव्हापासून मी त्यांच्याच कंपनीत आहे.

आज त्यांच्या साठीनिमित्त गौरव समितीने पत्रिका काढली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरे, आणि मजकूर काय? ‘आई गं मसाल्यांच्या संस्थापिका’! समितीतल्या विद्वानांनो, लाज कशी वाटली नाही? ज्या दोन शब्दांसाठी बाई लढल्या, तेच तुम्ही सत्काराच्या पत्रिकेत पुसलेत.

सुमनबाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि त्यांचे तिखट आमच्या नातवंडांच्याही डोळ्यांत पाणी आणो. संपादकांनी माझे ऱ्हस्वदीर्घ खुशाल सुधारावेत. ते दोन शब्द मात्र छापण्याआधी बाईंना वाचून दाखवावेत.